जुन्यात तो परत येतो

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ही डायरी वरुण सरांनी दिली. गेल्या वर्षीची आहे, कुठल्यातरी सूत गिरणीची, पानं सगळी कोरी. म्हणाले, "कुसुमताई, छापलेल्या तारखांवर काट मारा आणि लिहा. शुक्रवारी मोठा सिनेमा लागतोय. लोक बाहेर पडताना काय बोलतात ते हेड ऑफिसला हवंय. तुम्ही दाराशी असता, तुमच्याइतकं कोणाला ऐकू येणार?"

ऑफिसचं मी सुट्या कागदावर लिहून देईन. डायरी माझ्यासाठी ठेवली. बारावी झाल्यापासून वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही, हात अवघडतो आहे.

आज पोस्टर लावलं. मी खाली शिडी धरून उभी होते. गुंडाळी उलगडत गेली तसे आधी ते लांब काळे खांब दिसले, मग पूल, मग पिवळी बस. माझा हात शिडीवरून सुटला. वरचा माणूस ओरडला, "ओ बेन, पकडो ने!"

तोच सिनेमा. नवा करून आणलाय.

नरोलीला आम्ही खोली घेतली तेव्हा टीव्हीबरोबर सीडी प्लेअर आला होता आणि त्यावर तीन सीड्या फुकट. त्यातली ही एक. इंग्रजी, पण हिंदीत बोलणारी. आकाशातून खांब उतरतात, जमिनीत रोवले जातात, आणि आजूबाजूची वीज, पाणी, सगळं ओढून घेतात. गावं रिकामी होतात. एक साधा बसचा ड्रायव्हर शाळेची पोरं घेऊन डोंगरापलीकडे निघतो. शेवटच्या थांब्यावर त्याची बायको वाट बघत असते. सगळी दुनिया बुडते, पण बस येते. तो तीनदा हॉर्न वाजवतो आणि बायको धावत बाहेर येते.

गुड्डीचे पप्पा कंपनीची बस चालवायचे, नरोली ते रखोली, तीन पाळ्या. हा सिनेमा त्यांनी किती वेळा बघितला असेल! पुलावर तो बस उलटी घेतो तिथे हे दर वेळी पलंगावरून उठायचे. "काट! डावी काट! अरे मागचं चाक बघ भाऊ, मागचं चाक!" शेजारचे हसायला जमायचे. गुड्डी माझ्या मांडीवर बसून, ते "काट" म्हणाले की ताटली स्टिअरिंगसारखी फिरवायची.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या बसखाली एक सायकलवाला आला. वाचला, पण पाय गेला. चूक कोणाची ते कधी ठरलंच नाही. कंपनीने घरी बसवलं. चार महिने ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग एक दिवस सकाळी आंघोळ केली, डबा मागितला, म्हणाले वापीला एका ठिकाणी बोलावलंय. लायसन घेतलं, एक शर्ट जास्तीचा घेतला. शर्टाचं मला दुपारी कळलं. पोलीस म्हणाले, माणूस आपल्या मर्जीने गेलाय.

आता ते जिथे असतील तिथेही हे पोस्टर लागलंच असेल. आणि सिनेमा बघायचा झाला तर ते इथेच येऊन बघतील, असं मला वाटतं. कशावरून ते सांगता येणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पहिला शो दहाचा. सव्वानऊलाच रांग. नरोली, दादरा, मसाटकडची पोरं रात्रपाळी करून थेट आलेली, कोणी तर कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच ठेवून. आमलीतल्या सोसायट्यांमधली माणसं बाराच्या शोला आली, पोरांचे चष्मे पुसत.

ऑफिसला दिलेला कागद: आवाज फार मोठा आहे. खांब उतरतात तेव्हा खुर्ची हलते. हिंदी चांगलं आहे. गाणं नाही. मध्ये जरा लांबतं.

कागदावर जे मावलं नाही ते इथे लिहिते. पहिला खांब उतरला तेव्हा अख्खं थिएटर गप्प झालं. दाराजवळच्या खुर्चीतल्या बाईने माझा हात धरला. मी कोण, काय, तिला माहीत नाही. पण खांब रोवला जाईपर्यंत सोडला नाही. एक म्हातारे गृहस्थ कानावर हात ठेवून बसले होते आणि डोळे मात्र टक्क उघडे. आणि पुलावर बस उलटी घ्यायची वेळ आली तशी मागच्या रांगांत शिट्ट्याच शिट्ट्या. ड्रायव्हर लोक असणार. इथे काय, दर तिसरा माणूस काही ना काही चालवतो.

मी दाराच्या आतल्या पडद्याला लागून उभी होते. डोळे मिटून ऐकत होते. शिट्ट्या, टाळ्या, "अरे वा!" पण "काट" कोणी म्हणालं नाही.

चारही शोला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शेवटच्या दहा मिनिटांत मला मागच्या जिन्याचं दार उघडून उभं राहावं लागतं, म्हणून शेवट मी अजून बघितलेला नाही. आज लोकांकडून कळला.

साठीचे एक साहेब, नाशिकचे असावेत, बायकोला सांगत उतरले, "सत्यानाश केला. जुन्यात तो परत येतो. इथे मारून टाकला!" बायको म्हणाली, "अहो, पण छान दाखवलं होतं." "छान काय त्यात? बस पार व्हावी म्हणून पुलाचा दांडा फिरवायला उतरतो काय, तिथेच राहतो काय. बस मास्तरीणबाई चालवतात म्हणे!"

मी त्यांना थांबवून विचारलं, "म्हणजे घरी येतच नाही?"

"नाही हो. बस येते. तो नाही."

 चंदा पॉपकॉर्नच्या काउंटरवर असते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, खानवेलची. तिला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सिनेमा आहे. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

तिला यांच्याबद्दल माहीत नाही. इथे कोणालाच नाही. मंगळसूत्र आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज दुपारपर्यंतच ड्युटी. घरी आले तर गुड्डी तयार होऊन निघालेली. एकोणीसची झाली. वापीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. रविवारीसुद्धा प्रॅक्टिकल असतं म्हणे. ह्या कोर्सवाल्यांना पोरींची दया नाही.

म्हटलं, "मला दोन पास मिळतात. तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये सिनेमाला."

"नको."

"लहानपणी ताटली फिरवायचीस."

"मम्मी, नको म्हटलं ना."

तिची पिशवी पलंगावर होती. आत पिवळा फ्रॉक, झालरीचा, चारेक वर्षांच्या मुलीला बसेल असा. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीच्या लहान बहिणीचा वाढदिवस आहे. फ्रॉक फार गोड होता. मी घडी नीट करून, वरून कागद लावून दिला. गुड्डी माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली. पट्टा लागलेलाच होता.

पोरीचा स्वभाव मनमिळाऊ आहे. मैत्रिणींच्या घरी सगळे तिला जीव लावतात. येताना सीताफळं घेऊन येते, कधी गावठी पेरू.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चंदाचे गावाकडचे लोक आले होते, आई, मामा, मामी आणि दोन वहिन्या. सकाळच्या एसटीने आले, बाराचा शो बघून तीनच्या गाडीने परत. मामा पहिल्यांदाच थिएटरात आलेले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

मामांनी जरा विचार केला. म्हणाले, "आमच्याकडं बी असंच झालं. आधी खांब रोवलं, मग विचारलं."

चंदा हसायला लागली, "मामा, ते आकाशातून आलेले असतात."

"आमच्याकडं सडकेनं आले," मामा म्हणाले. "बाकी तेच."

हे मी ऑफिसच्या कागदावर लिहिलं. वरुण सरांनी वाचलं, हसले, आणि खोडलं.

आता खरी गोष्ट. तीनच्या शोला पुलाच्या वेळी डाव्या बाजूने मोठ्याने आवाज आला, "काट! अरे काट ना!"

 मी पायऱ्या चढत वर गेले, कोणाच्या पायावर पाय पडला तेही कळलं नाही, आणि जी रांग वाटली तिच्यावर बॅटरी मारली. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. मी एकेकाच्या तोंडावर उजेड फिरवत गेले. शेवटच्या खुर्चीत एक माणूस अजून हातवारे करत होता. चाळिशीचा, जाड मिश्या, मोठा चेहरा. ते नव्हते.

नंतरही मी त्याच्याकडे बघत राहिले. सुटल्यावर तो स्वतःच आला. "ताई, कोनाले शोधी राहिन्यात?" आमच्याच भाषेत. शिरपूरकडचा, टँकर चालवतो.

मी म्हटलं, "मोबाइलवर शूटिंग करत होतं कोणीतरी."

"नही ताई," तो म्हणाला. "तुमनी बत्ती तोंडवर व्हती. मोबाइल हातमा राहस."

मला हसू आलं आणि रडूही. त्याला विचारलं, गाड्यांवर असता, संजय नावाचा कोणी ड्रायव्हर भेटला का कधी, शहाद्याचा, उजव्या भुवईवर खूण. तो म्हणाला संजय खूप भेटतात, भुवया कोण बघतं. जाताना वळून म्हणाला, "भेटी जाई."

अकरा वर्षांत मी त्यांचं नाव परक्या माणसासमोर पहिल्यांदाच घेतलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तिसरी तक्रार गेली. एका कुटुंबाने लिहून दिलं की बाई तोंडावर बॅटरी मारते, पोर घाबरलं. वरुण सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुण्याचा मुलगा आहे, एकोणतीस-तीसचा, ओरडत नाही. त्यानेच जास्त लाज वाटते.

"कुसुमताई, काय चाललंय? सहा वर्षांत तुमची एक तक्रार नाही. आठवड्यात तीन?"

मी टेबलावरच्या तक्रारीच्या कागदाची घडी सरळ केली.

"घरी काही अडचण आहे का?"

"नाही सर."

"मग तुम्हाला काही दिवस खाली तिकीट खिडकीजवळ ठेवतो. गर्दी कमी झाली की पुन्हा वर या."

मी त्यांना म्हटलं, सर, एवढा हा सिनेमा लागलाय तोवर मला दारावर राहू द्या. मग वर्षभर कुठेही ठेवा, बाथरूमवर ठेवा. माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे, ते उठून उभेच राहिले. म्हणाले, "बरं. पण बॅटरी माझ्याकडे द्या."

आता बॅटरी नाही. कान आहेत.

आज मनात आलं ते लिहून ठेवते, कोणी वाचणार नाही. समजा आले. समोर उभे राहिले. मग मी काय म्हणणार आहे? अकरा वर्षं मी ते दार उघडल्यावरचं वाक्य ठरवते आहे. सुरुवातीला शिव्या होत्या. मग नुसतं "का?" होतं. हल्ली हल्ली तर एवढंच वाटतं की जेवायला वाढावं आणि समोर बसावं. माझी मलाच चीड येते. त्यांनी चार महिने भिंतीकडे तोंड केलं होतं तेव्हा मी एकदाही पाठीवर हात ठेवला नाही. त्या सायकलवाल्याच्या बायकोला भेटून आले, तिच्याजवळ रडले, पण यांच्याशी बोलले नाही. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संध्याकाळी केसरबाईंकडे मेथी निवडायला बसले. त्या शेजारच्याच खोलीत राहतात, आमच्याच बाजूच्या, आधी लूमवर होत्या, आता सुनेची पोरं सांभाळतात. गुड्डीला त्यांनीच वाढवली म्हटलं तरी चालेल, मी ड्युटीवर असायचे.

त्यांना सिनेमाचं सगळं सांगितलं. बॅटरीचंही. त्या हातातली जुडी खाली ठेवून बसल्या.

"कुसुम, तू अजून वाट देखी राहिनी?"

"मग काय करू?"

"माय, तो काही मरेल नही. वापीले दिसना व्हता म्हणतस."

"कोणाला दिसले? कधी?"

केसरबाई एकदम मेथी निवडायला लागल्या. "माले काय ठाऊक नही. लोके बोलतस. तू जेवनी का?"

मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी सुनेला हाक मारली, पोराला ओरडल्या, पाणी आणायला उठल्या. शेवटी म्हणाल्या, "तुनी पोरले इचार." मग लगेच, "नको, नको इचारू. ती लहान शे."

गुड्डीला काय विचारायचं? ती तेव्हा आठ वर्षांची होती.

पण वापी! वापी म्हणजे किती लांब? अर्ध्या तासाचा रस्ता. म्हणजे इथेच आहेत. रविवारी सुट्टी असेल तर उद्याच येतील.

रविवार, २३ नोव्हेंबर

आले नाहीत. गुड्डी प्रॅक्टिकलला गेली होती, अंधार पडायच्या आत आली, आल्या आल्या मला मिठी मारली. ताप आहे का बघितला. नव्हता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वरुण सर म्हणाले, हा सिनेमा गुरुवारपर्यंतच. शुक्रवारी लग्नाचा कुठलातरी विनोदी सिनेमा लागणार. इतका खर्चून बनवला, पण लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. माझ्या कागदांमुळे हेड ऑफिसला कारण कळलं म्हणे. शेवट. सगळ्यांचं एकच, जुनाच बरा होता. मुंबईला त्यांनी माझं नाव सांगितलं. मला काही आनंद झाला नाही.

रात्रीच्या जेवणाला गुड्डी म्हणाली, "मम्मी, तो पूल खरा नसतो ना? कॉम्प्युटरवर करतात ना, बस मागे घेतात तो?"

"तू कुठे बघितलास?"

"ट्रेलरमध्ये."

ट्रेलर मी रोज बघते. पुलाचा तुकडा त्यात नाही. नवा काढला असेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नीट लिहिते. जसं झालं तसं.

सहाला घरी आले. वांगी भाजून ठेवली होती, गुड्डी पातीचा कांदा चिरत होती, मी कळण्याच्या भाकरी करत होते. गुड्डीचा एक डोळा फोनवर. मी म्हटलं, "उद्या शेवटचा दिवस. चालला नाही हो. सगळे म्हणतात, जुन्याचा शेवट चांगला होता."

फोनवरून मान वर न काढता ती म्हणाली, "सगळे कुठे? पप्पा तर म्हणाले नवाच शेवट खरा."

सुरी थांबली. मी तव्याकडे बघत होते. भाकरीला पापुद्रा सुटला, मग काळा डाग पडला, मग धूर यायला लागला, आणि मला हात पुढे करून ती उलटवता येईना. गुड्डीनेच येऊन गॅस बंद केला.

"मम्मी."

"कधी बघितला?"

"रविवारी. मम्मी, ऐक..."

"कुठे?"

"वापीला."

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. सात महिने झाले. ते वापीत शाळेची व्हॅन चालवतात. गुड्डी कॉलेजच्या फाटकाशी उभी होती, व्हॅन पुढे गेली, थांबली, आणि उलटी मागे आली. खाली उतरून म्हणाले, "तू कुसुमची का?" चेहरा माझा आहे ना तिचा. ती नाही म्हणून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवसांनी ती बोलली.

घर आहे त्यांचं. बाई उंबरगावची. मुलगी आहे, गौरी, चार वर्षांची.

मी विचारलं, "फ्रॉक बसला का?"

गुड्डी रडायला लागली. "बसला," म्हणाली. "जरा लांब होतो."

केसरबाईंना दोन महिन्यांपासून माहीत होतं. त्यांच्या सुनेने गुड्डीला व्हॅनमध्ये बघितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? तू पोस्टर लागल्यापासून रोज वेणी नीट घालून जातेस. मी बघते ना."

मला ते माहीत नव्हतं. खरंच, वेणीचं.

"इथे यायला सांगितलं असतंस त्यांना. एकदा."

"सांगितलं मी. तीनदा सांगितलं. ते म्हणतात, कोणत्या तोंडाने जाऊ. सिनेमात तो ड्रायव्हर पुलावर उतरला ना, तेव्हा म्हणाले, हा शेवट खरा. जुन्यातला खोटा होता. एवढं सगळं झाल्यावर कोणी हॉर्न वाजवत घरी येत नाही."

भरीत तसंच झाकून ठेवलं. ती झोपेपर्यंत मी तिच्या केसांना तेल लावत बसले. काय करावं ते सुचेना म्हणून.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी वरुण सरांना म्हटलं, आज तीनच्या शोला मला सुट्टी द्या, मला बसून बघायचाय. त्यांनी काही विचारलं नाही. मधली रांग, मधली खुर्ची. बॅटरीही परत दिली, मी ती पर्समध्ये ठेवली. चंदाने पॉपकॉर्नचा मोठा डबा हातात दिला. "आज तुम्ही पब्लिक," म्हणाली.

पावणेतीनला गुड्डी जिन्यात उभी दिसली. कॉलेज बुडवून आली होती. मी शेजारची खुर्ची दाखवली.

जेमतेम तीस माणसं असतील. खांब उतरले, गाव रिकामं झालं, बस निघाली. दाराशी उभं राहून बघणं वेगळं आणि असं समोर बसून बघणं वेगळं. ड्रायव्हर आरशात पोरं मोजतो ते मला आजच दिसलं. पुलावर बस उलटी घ्यायला लागला तेव्हा मी डोळे मिटले. सगळं कळलं होतं तरी मिटले. कुठूनच आवाज आला नाही. शेजारी गुड्डी माझ्या मनगटावर हात ठेवून बसली होती.

तो उतरला. दांडा फिरवत राहिला. मास्तरीणबाईंनी रडत रडत बस पुढे काढली. आणि लोक उठायला लागले. खरंच, अर्धे लोक तिथेच उठले. मोबाइलचे दिवे लागले, कोणी पार्किंगचं बोलायला लागलं, मागच्या जिन्याचं दार उघडलं आणि पडद्यावर उजेडाची पट्टी पडली. रोज हे दार मीच उघडायचे.

मी बसून राहिले.

बस शेवटच्या थांब्यावर येते. बायको बाहेर येते, ड्रायव्हरच्या जागेकडे बघते, बघतच राहते. मास्तरीणबाई खाली उतरून रस्त्यातच बसतात, त्यांच्याने आता होत नाही. लांब, डोंगरावर, पुन्हा खांब उतरताना दिसतात. पोरं आत बसलेली. बायको एकेका पोराला पाणी देते. मग समोर जाते आणि त्याच्या जागेवर बसते. तिला बस चालवता येत नाही. गिअर अडकतो. गाडी एकदा बंद पडते, दुसऱ्यांदा पडते. ती खाली वाकून पायांकडे बघते, कुठला पाय कुठे ठेवायचा ते. तिसऱ्यांदा गाडी हलते. संपलं.

तेरा दिवस मी लोकांचं बोलणं लिहून घेतलं. बाई काय करते ते एकानेही सांगितलं नव्हतं.

दिवे लागल्यावर चंदा केरसुणी घेऊन आली आणि आम्हाला बघून तशीच परत गेली.

येताना आम्ही रिक्षा केली. किलवणी नाक्यावर गर्दी होती, कंपन्या सुटायची वेळ. बसमागून बस, सगळ्यांच्या खिडक्यांत माणसं पेंगत बसलेली. गुड्डी त्या बसकडे बघत होती. मग म्हणाली, "रविवारी जाईन की नको? तू म्हणशील तसं."

म्हटलं, "जा. बाप आहे. बहीण आहे."

"तू येशील?"

"नाही."

"काही सांगू त्यांना?"

खूप होतं. अकरा वर्षांचं होतं. त्या दिवशी डब्यात काय दिलं होतं ते होतं, पाठीवर हात ठेवायचा राहिला ते होतं. रिक्षात बसून ते कुठे सांगणार? मी म्हटलं, "एवढंच विचार, सिनेमा शेवटपर्यंत बघितला का?"

गुड्डी माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "नाही मम्मी. गौरी रडायला लागली, म्हणून पुलावरच उठलो आम्ही."

"बरं," मी म्हटलं.

घरी आलो. कालचं भरीत खराब झालं नव्हतं. दोघी जेवलो.